पिवळी वायर

मंगळवार, संध्याकाळ

आज दुकानात संदीपदादाने नेटवर्कवरून हार्डडिस्क पुसायचं सॉफ्टवेअर बसवलं. पिवळी वायर लावून जो कॉम्प्युटर चालू करू, तो आपोआप कोरा होतो. विकायचे पाच जुने लावले. मग मोऱ्यांच्या काकीचा दुरुस्तीचा घेतला. त्याला इंटरनेट पायजे होतं. ती वायर पण पिवळीच. कुठली ते विचारायला मी लाजले, हाताला आली ती लावली. का लाजले मी? काकीच्या गेलेल्या पोराचे फोटो होते त्यात. माझ्या लक्षात आलं तेव्हा निम्मं पुसून झालेलं. मी पिवळी वायर उपटली.

दादा बोलला, "आता उपटून काय, येडे? पुसलेलं परत येत नाय."

तेवढ्यात काकीचा फोन आला. "गो पोरी, माझ्या बाबूचे फोटो हायत ना?"

मी हायत बोलले.

उद्या सकाळी ती येणार हाय.