तुला न बोलावता

प्रिय खटपट्या,

तुला वाटेल, ही रागावली म्हणून गप्प बसली. तसं नाही. संगणक बंद पडला आणि मी तुला फोन केला नाही, एवढंच झालं. आईनं मात्र सकाळपासून धोशा लावला होता, 'त्याला बोलाव ना, चुटकीसरशी करून जाईल.' डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं तुंबली होती आणि दवाखान्यातून सारखी विचारणा चालली होती. आंधळ्या टायपिस्टला पडदा वाचून दाखवणारा संगणकच मुका झाला तर तिनं काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

जुनी ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नवी टाकायचं काम तू कितीदा माझ्या शेजारी बसून केलंयस. तुझ्या उसाशांवरून मला कळायचं, कुठवर आलंय ते. पण उसासे ऐकून काही शिकता येत नाही, हे आता लक्षात आलं. आमच्यासारख्यांच्या गटात विचारून मी दवाखान्यातल्या संगणकावर नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह तयार करून आणला. तो लावला, सांगितलेली कळ दाबली, आणि काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. यंत्र वाट बघतंय, काम करतंय की मेलंय, उमगेना. तुम्हाला पडदा काळा की निळा ते दिसतं, मला सगळ्या शांतता सारख्याच. समोरचं ओळखून सांगणाऱ्या फोनचा कॅमेरा पडद्यापुढे धरला तर फोन म्हणाला, 'बहुधा खिडकी.' मागून आई सांगायला लागली, 'निळं आलंय. आता पांढरं. गेलं बघ.' मी आणखीच गोंधळले आणि तिला बाहेर जायला सांगितलं. 'मग बस अंधारात चाचपडत,' ती म्हणाली आणि लगेच गप्प झाली. मला हसू आलं, मग तिलाही.

गटात पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, चूक माझीच होती. बारीक 'टिंग' वाजल्यावर कळ दाबायची होती, मी घाईनं आधीच दाबत होते. या वेळी थांबले. दाबली, तर एक पत्र्यासारखा परका आवाज भराभर बोलायला लागला. भाषा विचारली, घड्याळ विचारलं, मग म्हणाला, डिस्क निवडा. डिस्क दोन, आणि नावं जुळ्या भावांसारखी. एकीवर जुनी सिस्टिम, दुसरीवर माझं सगळं काम आणि बाबांचा रेकॉर्ड केलेला आवाज. पुन्हापुन्हा ऐकलं, दर वेळी वेगळीच खात्री पटायची. फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवला. शेवटी सगळं बंद केलं, संगणकाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि चाचपून, तू नंतर बसवलेल्या, त्या कामाच्या डिस्कची वायरच उपटली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता एकच नाव उरलं. 'सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?' एंटर दाबलं.

नवी सिस्टिम सुरू झाली तीही मुकीच. वाचणारा आवाज पुन्हा निराळ्या कळांनी जागा करावा लागतो, हे आठवेपर्यंत रडून झालं होतं. मग तो बोलला. आईनं दारातून विचारलं, 'झालं?' म्हटलं, झालं. 'मग तोंड असं का?' आनंद व्हायला हवा होता, आणि मी नुसती खुर्चीत बसून होते.

मागच्या वेळी निघताना जिन्यात तू लग्नाचं विचारलंस आणि मी 'बघू' म्हणाले. मी बघू म्हणते यावर तू हसलास, पण मला खरंच कळत नव्हतं, मला तू हवायस की तुझे डोळे. कळणार कसं? तू यायचास तेव्हा दर वेळी काहीतरी बिघडलेलं असायचं. आता काही बिघडलेलं नाही. वायर परत जोडली, बाबांचा आवाज जागेवर आहे, टिपणंही पाठवून झाली. तरी काल जिन्यात पावलं वाजली आणि मी उठून दारापर्यंत गेले. शेजारचे होते. इतकं वाईट वाटलं की दार लावायचंही सुचलं नाही. म्हणून हे लिहितेय. माझं उत्तर हो आहे. तुझ्यासाठी इथे काम काही उरलेलं नाही, तरी ये. डोळे घरी विसरून आलास तरी चालेल.

तुझीच,
हट्टी