नांगर पडल्यावरचं गाणं

दिग्रस,
ता. १० ऑगस्ट १९६१

चि. बळीराम यास थोरली बहीण सत्यशीलाबाईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तू उतरवून पाठवलेली खलाशांची पाच गाणी पोचली. डिसेंबरच्या संमेलनात तिसरीच्या पोरांकडून म्हणवून घ्यायची ठरवली आहेत. हेडमास्तर हसले, म्हणाले, बाई, दिग्रसला समुद्र कुठून आणणार? मी म्हटलं, दोर आणते. बानं जिनिंगमधून जुना दोर आणला आणि टोकाला सरकीचं पोतं बांधलं. पहिल्या दिवशी चाळीस पोरांनी चाळीस वेळा ओढलं, पोतं जागचं हललं नाही. आता शेजारच्या कौसल्येची नलू गाणं उचलते, बाकीचे "आलो" म्हणताना ओढतात, आणि पोतं मैदानभर फिरतं.

सुरुवात तुझ्या शेवटच्या गाण्यानं केली, "आलो माये, आलो". सोपं आहे. गल्लीगल्लीत तेच चाललंय. बा दाढी करतानाही तेच गुणगुणतो. लहानपणी नदीत गुडघ्यापुढे न जाणारा तू खलाशी झालास, हे पोरांना अजून सांगितलेलं नाही, घाबरू नकोस.

पत्र टाकत जा. जीव लावून आहेस तसाच राहा.
तुझी बाई

बसरा बंदर,
ता. २ सप्टेंबर १९६१

ती. बाईस बळीरामचा सविनय जयभीम. वि. वि.

तुहं पत्र भेटलं. ते गाणं बंद कर. चूक माहीच हाय, लिहून देल्लं पण सांगाचं राह्यलं. ते गाणं घरच्या बंदरात नांगर पडल्यावरच म्हणतात. जहाज पाण्यात असताना कोणी त्याची शीळही घालत नाही. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या एका भट्टीवाल्यानं घातली, तर आमचे तांडेल, म्हंजे खलाशायचे मुकादम, हबीबचाचा यायनं त्याच्या कानाखाली वाजवली, अन् तीन दिवस त्याच्यासंगं कोणी जेवलं नाही.

तू हासशील. म्हणशील, नागपूरले दीक्षा घेतली तईच शकुन-अपशकुन सोडले. मीही सोडले होते. पण चहूकडं पाणीच पाणी दिसते ना, तईं माणूस काहीच सोडत नाही. अजून दोन-तीन बंदरं घेत ऑक्टोबर सरता सरता मुंबईले येतो. तोवर बाकीची चार गाणी शिकव. हात जोडतो.

बाले जयभीम सांगजो. माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा बळीराम

दिग्रस,
ता. १८ नोव्हेंबर १९६१

चि. बळीराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर टाकते आहे. तू कधी वाचशील, कोण जाणे. तुझ्या पत्राला मी सप्टेंबरात तोऱ्यात उत्तर दिलं होतं. घरातले देव नदीत सोडले, मरीआईचा बकरा बंद केला, आणि आता पोरांना सांगू, गाण्यानं जहाज बुडतं? बंद करणार नाही, असं ठणकावलं होतं. आणि बंद केलंही नाही.

ऑक्टोबर सरला. पेपरात अरबी समुद्रात वादळ झाल्याचं आलं. कंपनीचं पत्र आलं की जहाजाचा पत्ता नाही, कळताच कळवू. तेव्हापासून बा जेवायला बसतो आणि नुसता ताटाकडे बघतो. तुझं बसऱ्याचं पत्र त्यानं कोणाकडून तरी वाचून घेतलं. मग घरोघर गेला आणि हात जोडून म्हणाला, पोरायले ते गाणं म्हणू देऊ नका. दुसऱ्या दिवशी वर्गात एक तोंड उघडेना. नलूनं विचारलं, "बाई, आमच्यामुळे तुमचे भाऊ बुडाले काय?"

मी म्हटलं, नाही. गाण्यानं काही होत नसतं. ठणठणीत आवाजात सांगितलं. पोरं घरी गेली, आणि मी ओल्या फडक्यानं फळ्यावरचं ते गाणं पुसून काढलं. एक अक्षर ठेवलं नाही. कोणी पाहिलं नाही, पण मी पाहिलं ना.

बळीराम, मले भेव लागून राह्यलं रे. एक ओळ लिही. अर्धी लिही.
बाई

मुंबई,
ता. २७ नोव्हेंबर १९६१

ती. बाईस बळीरामचा सविनय जयभीम. वि. वि.

मी जिवंत आहो. पह्यले एवढं बाले वाचून दाखव, मंग खाली बस, मंग बाकीचं वाच. मस्कतहून कंपनीले तार गेली होती, पण तिनं घरी कळवलेलं दिसत नाही; मीही तिथून चिठ्ठी टाकली होती, ते बहुतेक माह्यामागून येईन.

वादळात इंजिन बंद पडलं. मालखान्याच्या तोंडावरची ताडपत्री फाटली अन् पाणी आत जाऊन राह्यलं. दुसरी ताडपत्री दोरानं ओढून बसवाची होती. पण कोणी कोकणचा, कोणी बंगालचा, कोणी मलबारचा. ओढाची गाणी ज्याची त्याची येगळी, जोर एकजागी लागेच ना. सगळ्यायले येणारं गाणं एकच. हबीबचाचा यायनं तेच उचललं, भर समुद्रात. आम्ही एकमेकायची तोंडं पाह्यली. बाई, मले पाण्यापेक्षा त्या गाण्याचं भेव जास्त वाटलं. कोणीतरी चिल्लावलं, चाचा, हे नको. ते म्हणाले, "गाण्यानं जहाज बुडत असतं, तर पंप कायले ठेवले असते? ओढा!" ओढलं. मालखान्याचं तोंड बंद झालं. चौथ्या दिवशी दुसऱ्या जहाजानं आम्हाले मस्कतले नेलं, तिथं दुरुस्तीत दिवस गेले.

हबीबचाचा नाही आले. शेवटच्या ओढीले त्यायच्या हातातला दोर तुटला अन् लाटेनं त्यायले नेलं. आमच्यातले काही म्हणतात, गाणं भोवलं. मी तो दोर हातात घेऊन पाह्यला, आतून सडला होता. हे पोरायले नीट सांगजो. सडलेल्या दोरानं गेले, गाण्यानं नाही. अन् तुह्याकडला जिनिंगचा दोरही एकदा तपासून घे.

तुहं पत्र इथं हापिसात भेटलं. फळा पुसला त्याचं वाईट वाटून घेऊ नको. मी असतो तर फळाच उचलून नेला असता.

मुंबईले नांगर पडला, तईं आम्ही सगळे वरते उभे होतो. पण गाणं उचलाले कोणी नव्हतं. तसेच उतरलो.

शुक्रवारच्या एस.टी.नं येतो. गाणं फळ्यावर परत लिहून ठेव. नलूले म्हण, उचलाचं तिनं. मी पोरायच्या मांगं दोर धरतो. माहा नांगर अजून पडला नाही, बाई.

भेटीपर्यंत होता तेवढाच लोभ राहू दे.
तुहा बळीराम