जास्तीचा नी

१४ मार्च, रविवार

ती. मावशी,

नमस्कार. तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. घरी सगळे ठीक आहेत. जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ऑक्टोबरात तुझी बोटं दुखायला लागली, तेव्हा गायनवृंदात तुझ्या पियानोऐवजी मी आपोआप साथ करणारं सॉफ्टवेअर बसवलं. गाणं शिकवणं तुझ्याकडेच राहिलं.

२. १० जानेवारीच्या तालमीत तू गाणं थांबवून म्हणालीस, साथीत एक सूर जास्तीचा आहे.

३. मी तपासून सगळ्यांसमोर सांगितलं की नाही.

४. ३१ जानेवारीला तू गायनवृंद सोडलास.

५. सूर जास्तीचा होता.

कशी चुकले ते सांगते, सबब म्हणून नाही. पडद्यावर फक्त कॉर्डचं नाव दिसतं. मी सा-ची साधी कॉर्ड घातली होती, म्हणजे सा, ग आणि प एकत्र. पण मी निवडलेल्या संथ शैलीत ‘भरीव साथ’ नावाचा पर्याय मुळातच चालू असतो. तो प्रत्येक साध्या कॉर्डला आपल्या मनाने जॅझसारखे सूर चिकटवतो आणि पडद्यावर दाखवत नाही. शेवटच्या सा-बरोबर तो हळूच नी धरत होता. बायकांचा सा त्यामुळेच खाली घसरायचा.

तू म्हणाली होतीस, “अगं मोजपट्टे, पडदा काय बघतेस, कान लाव. कोणीतरी नी धरून बसलंय.” मी कान लावला नाही. पडदाच बघत राहिले.

मग सेक्रेटरी म्हणाले, “बाई, तो नी तुमच्या कानात बसलाय. हाकला त्याला!” सगळे हसले. तूही हसलीस आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिलीस.

कान तपासून घे, हे मीच सुचवलं. अहवालात अगदी वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं कमी आलं, तुझ्या वयाला साजेसं. तो नी त्या पट्टीच्या कितीतरी खाली आहे. अहवाल मीच तुला वाचून दाखवला होता. तुला तो नी नीट ऐकू येत असणार, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

आई सांगते, तू हल्ली रेडिओ लावत नाहीस. भाजी निवडताना गुणगुणणंही सोडलंस. तिने विचारलं तर म्हणालीस, “बेसूर झालं तर मला थोडंच कळणार आहे!”

आता इतका वेळ लिहायचं टाळलं ते. तो पर्याय मला आज सापडलेला नाही. ५ फेब्रुवारीला, तू गेल्यावर पाच दिवसांनी, मी प्रत्यक्ष वाजलेल्या सुरांची यादी काढली. त्यात नी होता. मी पर्याय बंद केला आणि कोणालाही काही बोलले नाही. कारखान्यात मी रोज वजनकाटे तपासते, कोणता किती चुकतो ते सहीनिशी लिहून देते. इथे मात्र एक ओळही लिहिली नाही. वाटलं, नीट शब्द सुचले की सांगू.

दोन दिवसांनी तालीम झाली. बायकांचा सा पहिल्याच वेळी जागेवर बसला. सेक्रेटरींनी टाळी वाजवली. “बघा! बाई गेल्या आणि सूर आले.” पुढच्या रांगेतल्या दोघींनी माना डोलावल्या. मी लॅपटॉपपाशी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी वायर गुंडाळत राहिले.

तू चुकली होतीस याचा पुरावा त्या दिवशी मी तयार केला, मावशी. त्याआधीची चूक अजाणता झाली असं म्हणता येईल. ही नाही.

आजच्या तालमीत सेक्रेटरींनी जाहीर केलं, पुढच्या रविवारी, २१ तारखेला, तुझ्या जागी नवीन बाई नेमणार. त्याआधी मी दोन्ही साथी वाजवून दाखवणार आहे, नी असलेली आणि नसलेली, आणि तारखांसकट सगळं सांगणार आहे. तुझं उत्तर काहीही आलं तरी ते मी करणारच. तू परत येशील की नाही, हे मात्र मला ठाऊक नाही, आणि तुझ्या वतीने आता मी काही बोलणार नाही.

मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. तुझी जागा राखून ठेवायला सांगू की नको, एवढंच शुक्रवार, १९ तारखेपर्यंत कळव.

तुझं न ऐकलेली,
भाची