जावईबापूंची रिले

तळोदा,
हनुमान जयंतीचा दुसरा दिवस

श्री. भूपेशराव यांना सासरे हेमकांत यांचा आदरपूर्वक रामराम.

आपली तब्येत ठणठणीत असेल, व्याहीबुवांचा गुडघा आता कुरकुरत नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आपण फोन उचलत नाही, मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच येत नाही, तेव्हा शेवटी कागद घेतला. कागद वाचला की नाही हे मला इथून दिसणार नाही, तेवढाच माझ्या रक्तदाबाला आराम.

तुम्ही रुसलात ते त्या रिलेवरून, हे मी जाणतो. (चेतना सांगते, "पप्पा, त्यांना रजाच नाही." पोटची पोर खोटं बोलायला लागली की बापाला आवाजावरून कळतं.) लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीयेला लेकीने माहेरी यायचा सण, निंबाला झोका बांधून झाला, गौराई बसायची वेळ आली, आणि घरची लेक सुरतेला बसून राहणार ते एका काळ्या डबीपायी! म्हणून घडलं ते सगळं तुमच्यापुढे मांडतो, चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. माझीच निघेल याची कल्पना आहे.

तुम्ही दिवाळसणाला आलात आणि नेमका तेव्हाच टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा ऑटो बसला. मी म्हटलं, भिला इलेक्ट्रिशियनला बोलावतो. तुम्ही पेटी उघडलीत, मोटारीची वीज जोडणारी-तोडणारी रिले जळालेली दाखवलीत आणि म्हणालात, अर्ध्या तासाचं काम आहे, व्हिडिओत पाहिलंय. (अहो, दिवाळसणाच्या जावयाने पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलायचा नसतो, आणि तुम्ही सोल्डर गन उचललीत!) जुन्या रिलेचे पाय बोर्डातून सुटेनात, म्हणून तुम्ही तापवत राहिलात, तापवत राहिलात, आणि निघाली तेव्हा ती खालची तांब्याची पट्टी सोबत घेऊनच निघाली. मी बॅटरी धरून उभा, तुमच्या सासूबाई करंज्यांचं ताट धरून उभ्या, धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. समोरच्या रंजनाबाईने गच्चीवरून सगळं पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं, "हेमकांतभाऊनी जवाईले कामले लाई दिन्हं!" आजही देवळात लोक माझ्याकडे त्याच नजरेने बघतात.

तुम्ही बसवलेल्या रिलेने मोटार सुरू व्हायची, यात वाद नाही. बंद होणं मात्र तिच्या मर्जीवर होतं. आत टक आवाज व्हायचा, लाल दिवा विझायचा आणि मोटार आपली चालूच. मोटारीचा भार तिला झेपत नव्हता, आतली टोकं एकमेकांना चिकटून बसायची. मी सगळा हिवाळा मफलर गुंडाळून जिन्यात बसून काढला, टाकी भरली की खटका पाडायचा. यंत्र स्वयंचलित आणि चालवणारा मी! दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात, रिले काय म्हणते, आणि मी दात ओठ खात सांगायचो, "एक नंबर!" जावयाच्या कामाला नाव ठेवायची आमच्या घराण्यात रीत नाही. (असती तर बरं झालं असतं.)

मग एक दिवस मी कोणाच्या तरी दहाव्याला गेलो, जिन्यात पहारा नाही, आणि टाकी धो धो वाहिली. गच्चीवर तुमच्या सासूबाईंनी बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या, तुम्हाला आवडतात म्हणून खास. मी परतलो तेव्हा त्यांची पेज झाली होती आणि त्यातली निम्मी पन्हाळीतून रंजनाबाईच्या ओट्यावर गेली होती. घरात एकच वाक्य ऐकू आलं. "भिलाले बलाव, नहीतं मी माहेरले चालनू."

भिला आला, बोर्ड पालथा केला आणि बघतच राहिला. "आबा, हाई कोनी करं?" मी म्हणालो, सुरतेचा एक कारागीर होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "आमना जवाईनी करेल शे!" भिलाने बोर्ड निखारा टाकावा तसा खाली ठेवला. "मंग मी हात लावाव नही. जवाई रुसना ते नाव मन्हं येई." त्याला चहा पाजला, बिबड्यांचा चिखल दाखवला, गावात कुठे बोलणार नाही अशी शपथ घेतली, तेव्हा कुठे त्याने मोठी रिले बसवली आणि उखडलेल्या पट्टीच्या जागी वायरचा तुकडा जोडला. तुमची रिले काढून ओट्यावर ठेवली, आणि त्याच घटकेला तुमच्या सासूबाई चेतनाला व्हिडिओ कॉलवर ओल्या बिबड्या दाखवत तिथून गेल्या. काढून ठेवलेली ती रिले तुम्ही चेतनाच्या खांद्यावरून पाहिलीतच. फोन कटला, तो आजतागायत तुम्ही उचललेला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. भिलाची रिलेसुद्धा परवा गेली! मोटार बंद, घरात पाण्याचे हाल. म्हणजे दोष त्या बोर्डात होता, तुमच्या हातात नव्हता, हे सिद्ध झालं. हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही. तेव्हा आखाजीला चेतनाला घेऊन या आणि बोर्ड एकदा नजरेखालून घाला. राग सासऱ्यावर काढा, पोरीच्या झोक्यावर नको.

आपला नम्र,
हेमकांत

ता. क. तुम्ही याल त्या दिवशी भिलाला नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर काम लावून दिलं आहे. तो मध्ये येणार नाही.

ता. क. (सासूबाई कमलबाईकडून) जावईबापू, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. भिलाची रिले चांगली चालते. यांनीच परवा पेटी उघडून एक वायर काढून ठेवली, तुम्हाला करायला काही उरावं म्हणून. मला कळलं नाही असं त्यांना वाटतं. तुम्ही या, सुटलेली लाल वायर होती तिथे परत लावा, वर बघून "झालं" म्हणा. सोल्डर गन सुरतेलाच राहू द्या. तोवर हा माणूस एवढ्या रक्तदाबात दोन्ही वेळ पाण्याच्या बादल्या जिन्याने वर नेतो. मी म्हटलं, भिलाला बोलावते, तर म्हणाले, "ऱ्हावू दे. पोर येवू दे पहिले."