नऊ जणांची व्हॅन

मायरहोफेन, ऑस्ट्रिया
शनिवार

दादा,

सुखरूप पोचलो, आईला सांग. बर्फ भरपूर आहे.

व्हॅनचा माझा बेत सगळ्यांना आवडला. आपल्या साध्या लायसन्सवर चालक धरून नऊच माणसं नेता येतात. दहावा तू, गुडघा दुखतो म्हणून घरी राहिलास, म्हणून दुसरी व्हॅन करावी लागली नाही. "स्वस्तात सुटलो!" आपलं झ्वोले गाव सोडल्यापासून मेन्नो हेच बडबडतोय. मला मात्र वाटभर स्वस्थ बसवलं नाही.

आज व्हॅनच्या टपावरची सामानाची पेटी उपसली. सगळ्यांत खाली, म्हणजे तू सगळ्यांत आधी ठेवलेल्या, तुझ्या स्की निघाल्या. बर्फावर पळाव्यात म्हणून ताजं मेण लावलेल्या.

गुडघा शेकतोस ना, असं विचारणार होते. आता नाही विचारत; दुखत नव्हताच ना तो?

त्या दाराशी टेकवून ठेवल्यात. मेन्नो विचारतोय, ह्या जादा कुणाच्या? काय सांगू रे?

माणसं मोजत बसलेली तुझी बहीण,
विट्स्के