ताईचा तिसरा मजला

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच; वाकण्याचं काय झालंय ते पुढे येतंय). तुझा खुबा कसा आहे? अजून जिना उतरत नाहीस, असं तुझी सून म्हणाली. मी केलेल्या कपाटाला तू खोकं म्हणालीस आणि मी रुसून बसलो, त्यालाही आता दीड वर्ष झालं.

माझं म्हणशील तर जन्मभर रंधा मारून उडवलेला भुसा छातीत घर करून बसलाय. फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण व्यायामाने आहे त्यात भागेल, असं सांगून डॉक्टरांनी मला दवाखान्यातल्या व्यायामवर्गात धाडलं. तिथे आम्हा बारा जणांना एकच छापील कागद. सहा मिनिटं व्हरांड्यात चाला, मग डंबेल्स उचला. (चौकट न मोजता मी दार केलं असतं, तर तूच मला हाकललं असतंस.) धाप लागते हे कबूल कोण करणार? दम संपेल तिथे मी भिंतीवरचं काहीबाही वाचत उभा राहायचो. बाजारातही तेच करतो. चपलांच्या दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक फार चोखंदळ आहे. चौथ्या दिवशी व्यायामाच्या बाईंनी मला आग विझवण्याच्या सूचनांसमोर गाठलं. म्हणाल्या, "काका, पाठ झाल्या असतील तर म्हणून दाखवा." दाखवल्या की. पाचही, ओळीने. मध्ये तीनदा श्वासाला थांबलो आणि पितळ उघडं पडलं.

बाई हसल्या नाहीत. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला जायचंय कुठे?" हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तोंडून निघून गेलं, "ताईकडे. तिसऱ्या मजल्यावर." तेव्हापासून माझी डंबेल्स बंद. रोज दवाखान्याचा जिना: दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, पुन्हा दोन. माझ्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना मात्र त्या मोठ्याने वाचायला लावतात. त्यांना नातीला गोष्ट वाचून दाखवायचीय.

बाकी ठीक. लोभ आहेच, दाखवायचा तेवढा राहिला.

तुझा धाकटा

ता. क. – सुनेला जिन्याच्या पायऱ्या मोजून कळवायला सांग, बाईंना आकडा हवाय. आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर एकेक खुर्ची ठेवता येईल का?

आणखी ता. क. – मी रुसलो नव्हतो. कपाटाचं निमित्त मीच काढलं. त्याच सुमारास तुला भेटायला आलो होतो, पहिल्या मजल्यावरून परत फिरलो. दम पुरत नाही म्हणण्यापेक्षा रुसलोय म्हणणं सोपं गेलं. चुकलं माझं, ताई.

शेवटचं – वर पोचलो की पाचेक मिनिटं मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तो राग समजू नकोस.