थांबा, हे कुणी सांगायचं

आबा, परवाच्या मंगळवारी मला पासष्ट पूर्ण झाली आणि त्या दिवसापासून प्रवासी विमान उडवायला मला नियमानं बंदी झाली. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. तुम्ही धरणाच्या पाण्यावर लाँच चालवायचात. पलीकडच्या काठावरच्या वाड्यांमधली माणसं, त्यांच्या पाट्या, शेळ्या, शाळेचे मास्तर, दवाखान्यात निघालेल्या बाया, सगळ्यांना अलीकडे आणून सोडायचात, आणि तुमचं वय किती झालं हे कुणी विचारतही नव्हतं. लाँच ज्या ठेकेदाराची होती त्याच्याकडे तुमची जन्मतारीख तरी होती की नाही, कोण जाणे. माझं मात्र सगळं लिहिलेलं. साठीनंतर दर सहा महिन्यांनी डोळे, कान, छाती तपासून घ्यायची, शेजारच्या खुर्चीत साठीच्या आतलाच वैमानिक हवा, आणि पासष्टाला खुर्ची सोडायची. मागच्याच महिन्यातल्या तपासणीत मी एकही शेरा न पडता पास झालो होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग तपासत्यात कशाला?"

मीही तेच म्हणत होतो. वयाची अट सदुसष्टपर्यंत वाढवा, अशी मागणी आमच्यातले बरेच जण करताहेत, बाहेरच्या देशांतही त्यावर वाद चालू आहेत, आणि आमच्या वैमानिकांच्या संघटनेत ही मागणी सगळ्यांत जोरात मांडणारा मीच होतो. भुकूमच्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी भाषणं लिहायचो. माणूस तपासा, त्याचं कॅलेंडर तपासू नका, असं त्यात असायचं. तिथून दिसणाऱ्या डोंगरापलीकडे तुमचं पाणी आहे. तुमच्यामागं इतक्या वर्षांत त्या पाण्यावर मी एकदाही गेलो नव्हतो, आणि का गेलो नव्हतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

मी चौतीस वर्षांचा होतो. तेव्हा हवाई दलात होतो, रजेवर घरी आलो होतो. एप्रिल महिना, धरणाचं पाणी उतरलेलं, एरवी बुडालेले खडक आणि वाळक्या झाडांचे बुंधे वर आलेले. सकाळी पलीकडून परतताना मी तुमच्या शेजारी उभा आहे. लाँचमध्ये वीसेक माणसं. मागे तुमचे जुने दोस्त, लाँचवर तिकिटं फाडणारे मामा, दोर गुंडाळताहेत. ऊन समोरून पाण्यावर पडून डोळ्यांत येतंय. मला नाकासमोर एक बुंधा दिसतो, काळा, मांडीएवढा जाड. मी वाट पाहतो, तुम्ही आता चाक फिरवाल. तुम्ही फिरवत नाही. तुमची नजर पुढेच आहे, चेहरा शांत, इंजिन त्याच वेगानं चाललंय. मी आणखी थांबतो, कारण तुम्हाला शिकवणारा मी कोण? मग मला राहवत नाही, मी "आबा, बुंधा!" म्हणून ओरडतो आणि हात घालून चाक ओढतो. लाँच कलते, बाया किंचाळतात, बुंध्याची साल बाजूच्या फळीला खरवडत जाते. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तुम्ही माझा हात चाकावरून झटकलात. सगळ्यांच्या देखत म्हणालात, "मला दिसलं व्हतं. तुझं इमान न्हाई ह्ये, लाँच हाय. हितं हात घालायचा न्हाई."

घरी गेल्यावर तुम्ही जेवलात, अंगणात बाज टाकून पडलात. मी आईला विचारलं, आबांना नीट दिसतं ना? ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "सुईत दोरा मीच ववते आता. पर लाँचवर लई वर्सं झाली त्यांना. हाताला वाट म्हाईत हाय." त्या लाँचमध्ये रोज पाच फेऱ्यांना माणसं बसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडला ठेकेदाराच्या घरी गेलो आणि त्याला सांगितलं की आबांना लाँचवरून उतरवा. माझं नाव मात्र घेऊ नका, असंही सांगितलं.

त्यानं तुमच्याकडे नाव घेतलं नाही. आठवड्याभरात तुम्हाला निरोप आला. तक्रार मामांनीच केली असं तुम्ही ठरवून टाकलंत, कारण त्या दिवशी मागे उभं राहून त्यांनीच सगळं बघितलं होतं. मी तेव्हा युनिटवर परतलो होतो. आईनं पत्रात लिहिलं की मामांशी तुमचं बोलणं बंद झालंय, त्यांच्या मुलीच्या लग्नालाही तुम्ही गेला नाहीत. मी ते पत्र घडी करून ठेवलं. पुढच्या दोन्ही रजांत तुम्ही माझ्यासमोर त्यांना शिव्या दिल्यात, आणि मी ऐकून घेतलं. तिसऱ्या रजेला मी आलो तो तुमच्या दहाव्याला. मामा आले होते. अंगणाच्या बाहेर, कुंपणाशी उभे राहिले. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

आता माझं सांगतो. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. भर दुपारी उतरत होतो, मागे दीडशेच्या वर माणसं. खालून नियंत्रकाचा आवाज आला, सात हजार फुटांपर्यंत उतरा. मी उंचीचा आकडा लावला, सहा हजार. शेजारी बसलेली सहवैमानिक माझ्या मुलीहून लहान. ती शांतपणे म्हणाली, "सर, सेव्हन." मी आकडा बदलला. काहीही झालं नाही, विमान अजून बरंच वर होतं. अशी चूक तिशीतल्या माणसाकडूनही होते, म्हणून तर शेजारी दुसरा माणूस असतो. पण आकडा बदलता बदलता मी तिला म्हणालो, "आय नो. ऐकलं होतं मी."

मी ऐकलं नव्हतं, आबा. सात की सहा, मला अजिबात आठवत नव्हतं. आणि तरी ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज आलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. उतरल्यावर ती सामान आवरत होती, मी खुर्चीतच बसून होतो. तिनं विचारलं, "सर, ओके ना?" मी म्हणालो, "रिपोर्ट लिहायचाय, तू पुढे हो." रिपोर्टमध्ये मी आकडा चुकल्याचं लिहिलं. ऐकलं होतं असं खोटं बोललो, हे लिहायला त्यात रकाना नव्हता.

महिन्याभरानं मुंबईत संघटनेची सभा झाली. मागणीच्या बाजूनं मुख्य भाषण माझं. समोर पांढऱ्या केसांचे माझे मित्र, आणि मागच्या रांगांत तरुण मंडळी, आम्ही जागा अडवून बसलोय म्हणून धुसफुसणारी. मी कागद उघडला, पहिलं वाक्य वाचलं आणि थांबलो. मग कागद बाजूला ठेवून मी सात हजार आणि सहा हजारची गोष्ट सांगितली, आणि नंतर काय म्हणालो तेही. एक मित्र उभा राहिला, "अरे, ही चूक वयाची आहे हे कशावरून? तू दर चाचणीत पास होतोयस." मी म्हणालो, "नसेलही. पासष्टावा वाढदिवस झाला म्हणून कुणाचं डोकं बंद पडत नाही. पण आपण कधी थांबायचं ते आपल्याला कळेल, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. ते मला कळलं नसतं. नियम नसेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं, आणि जो सांगतो त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे." सभागृहात गलका झाला. तो मित्र जाताना माझ्याशी बोलला नाही. मागणी पुढे गेलीच, माझ्याशिवाय. उद्या ती मान्यही होईल, आणि कदाचित ते बरोबरही असेल. मला खात्रीनं सांगता येत नाही.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. ते ऐंशीच्या पुढे गेलेत, लेकाच्या घरी ओसरीवर बसून असतात. मला आवाजावरून ओळखलं. चहा येईपर्यंत मी थांबू शकलो नाही, म्हणालो, "मामा, आबांची तक्रार मी केली होती."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "ठेकेदारानं मला त्याच रोजी सांगितलं व्हतं."

मी विचारलं, "मग आबांना का नाही सांगितलंत? तुमच्यावर आळ आला."

"काय सांगायचं? तुझ्या पोरानं तुला उतरवला म्हनून? माझ्यावं रागवायचा, पर भाकर खायाचा की. तुझं कळलं असतं तर त्यानं अन्न सोडलं असतं."

मी विचारलं, तो बुंधा आबांना दिसला होता का? "मी मागं व्हतो. मला न्हाई ठावं," मामा म्हणाले. मी त्यांच्या पायाला हात लावला तर त्यांनी पाय आखडून घेतले, आणि आत हाक मारून चहाचं विचारलं.

हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे, माझ्या मुलीच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. एकच राहिलं. पौडला निघालो त्या सकाळी तुम्ही अंगणात दाढी करत होता. आरशात मला बघून विचारलंत, "कुटं निघालास?" मी म्हणालो, "पेपर आणायला." लाँचमधल्या माणसांचे जीव, तुमचे डोळे, उतरलेलं पाणी, ही सगळी कारणं खरी होती, त्यासाठी मी आजही पौडला गेलो असतो. पण तुम्हाला तोंडावर सांगितलं नाही, त्याचं कारण यातलं एकही नव्हतं. लढाऊ विमान उडवत होतो मी तेव्हा, आबा, आणि मला तुमची भीती वाटत होती.